पंचवीस ते चाळीस

ताल्लिनच्या बंदरामागे, जुन्या गिरणीच्या तिसऱ्या मजल्यावर
आम्ही आठजण
बेटांकडे जाणाऱ्या वाटा सांभाळायचो:
फेरीबोटींच्या वेळा, वाऱ्याचा जोर,
आणि हिवाळ्यात समुद्र गोठला की
त्यावरून गाड्या सोडायच्या का, कोणत्या वेगाने.

मला मागायचं जड जातं. लहानपणापासून.
भीड भिकेची बहीण म्हणतात;
आमच्याकडे दोघी एकाच खोलीत नांदायच्या.
कोड लिहून झालं की कुणीतरी तपासायला हवं,
आणि त्या कुणालातरी जाऊन म्हणायला हवं,
हेल्दुर, जरा बघतोस का?
हेल्दुर हेडफोन असे उतरवायचा
की कानच उतरवून ठेवतोय.
मी म्हणायचो, काही नाही, सावकाश बघ.
माझी एक शाखा अशी अकरा दिवस पडून राहिली,
शिळ्या राईच्या पावासारखी, कडेने कडक होत.

मग एका रविवारी स्क्रिप्ट लिहिली.
एकशे बारा ओळी. तिला भीडभाड नव्हती.
कुणी काही पुढे ढकललं की ती उठायची,
बदललेल्या ओळींवर शेवटचा हात कुणाचा ते शोधायची
आणि त्या हाताला निरोप धाडायची:
तपासा.
कृपया नाही. जमलं तर नाही.

पहिल्याच आठवड्यात एकोणतीस विनंत्या गेल्या.
खुर्च्या सरकल्याचे आवाज थांबले.
पिलेरीनने बिस्किटांचा डबा टेबलावरून उचलून
कपाटात ठेवला, तिच्याकडे आता कुणी थांबत नव्हतं.
मी ते पाहिलं.
माझी शाखा तेव्हा वीस मिनिटांत मर्ज झाली होती.

फेब्रुवारीत कारेल आला. झाडलोटीची हौस असलेला.
बर्फवाटेच्या फाइलमधली एक अट त्याला खुपली:
पंचवीसच्या आत चालेल,
चाळीसच्या वर चालेल,
मधलं नाही.
हे काय, म्हणाला, दात पडलेलं तोंड?
त्याने ते बुजवलं. सलग सत्तरपर्यंत.
सगळ्या चाचण्या हिरव्या.
त्या फटीसाठी चाचणी कुणी लिहिलीच नव्हती.

स्क्रिप्ट उठली. शेवटचा हात शोधला.
तो नऊ वर्षं मागे निघाला: माइमू.
नोकरी सोडून हिउमा बेटावर गेलेली, मेंढ्या पाळणारी.
गेलेल्यांची खाती बंद करायचं काम आमच्यात
अजून हातानेच व्हायचं, म्हणजे व्हायचं नाही.

मी असतो तर तिला विचारलं नसतं.
कोणत्या तोंडाने?
स्क्रिप्टला तोंड नव्हतं.

पहाटे चार चाळीसला उत्तर आलं:

गाडी चालते तेव्हा बर्फाखाली पाण्याची लाट चालते.
हळू जा, लाट पुढे निघून जाते.
जोरात जा, मागे राहते.
पंचवीस ते चाळीसमध्ये ती तुमच्या बरोबरीने धावते
आणि बर्फ उचलते.
म्हणून फट. बुजवू नका.
पट्टा सोडून बसा ही सूचना अजून दिसते ना?
माझी एक मेंढी अडली आहे, म्हणून जागी आहे.
पुन्हा विचारा हवं तर.

कारेल बराच वेळ पडद्यासमोर बसला.
मग शाखा मागे घेतली, चाचणी लिहिली,
तिला नाव दिलं: लाट.

त्या दुपारी मी स्क्रिप्ट उघडली.
जे सोडून गेले त्यांना वगळ, अशी एक ओळ लिहायची होती.
लिहिली. खोडली.
तिच्याऐवजी लिहिलं: गेलेल्यांनाही विचार,
पण आधी नमस्कार म्हण.
पुढे ढकललं.
स्क्रिप्टने शेवटचा हात शोधला. तो माझाच होता,
दुसऱ्या कुणी तिला कधी स्पर्शच केला नव्हता.
मलाच निरोप आला: नमस्कार. तपासा.

साडेचारला बाहेर अंधारायला लागलं होतं.
मी उठलो. खुर्चीचा आवाज जरा जास्तच झाला.
पिलेरीनने मान वर केली.
हेल्दुरच्या टेबलापर्यंत चौदा पावलं होती,
मी ती पंचवीसच्या आतच चाललो.
जरा बघतोस का, म्हटलं.

त्याने आधी एक कान उतरवला.